कबुली, दप्तर आणि हिशेब

अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये दीक्षा घेऊन पाळक व्हायचं असेल, तर उमेदवाराला बरीच कागदपत्रं जमवावी लागतात. धर्मशास्त्राचं शिक्षण, वैद्यकीय तपासणी, मानसिक तपासणी, पूर्वचारित्र्याची चौकशी. आणि याच गठ्ठ्यात वर्णभेदाविषयीचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही असावा लागतो. २००० साली या चर्चच्या सर्वसाधारण अधिवेशनाने ठराव करून हे प्रशिक्षण पुढारीपण करणाऱ्या सगळ्यांना, मग ते दीक्षित असोत वा साधे सभासद, लागू केलं. लैंगिक वर्तन, मद्यपान, पैशाचे व्यवहार यांविषयी धर्मसंस्था नियम करतात, हे आपल्याला ठाऊक असतं. वर्णभेद न करण्याचं शिक्षण घ्या, नाहीतर दीक्षा नाही, असा नियम मात्र कानाला नवा वाटतो. तो आला कुठून आणि प्रत्यक्षात चालतो कसा, ते जरा सावकाश पाहू.

एपिस्कोपल चर्च म्हणजे अँग्लिकन परंपरेची अमेरिकेतली शाखा. आपल्याकडे १९७० साली स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तिच्या नात्यातलंच. सभासदसंख्येने ती लहान असली तरी जॉर्ज वॉशिंग्टनपासून अनेक राष्ट्राध्यक्ष याच चर्चचे. जमीन, पैसा आणि सत्ता असणाऱ्यांचं हे चर्च होतं, आणि दक्षिणेत जमीन म्हणजे मळे व मळे म्हणजे गुलाम. लुइझियानाचे बिशप लिओनिडस पोक स्वतः गुलाम बाळगत. यादवी युद्धात ते दक्षिणेच्या सैन्यात सेनापती झाले आणि १८६४ मध्ये रणांगणावर मारले गेले. उत्तरेतही चित्र फारसं निराळं नव्हतं. व्हरमाँटचे बिशप जॉन हेन्री हॉपकिन्स यांनी बायबलचा आधार घेऊन गुलामगिरीचं समर्थन करणारी पुस्तिका लिहिली, आणि १८६५ मध्ये तेच सबंध चर्चचे प्रमुख बिशप झाले.

दुसरी बाजू फिलाडेल्फियाची. तिथल्या सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीयांनी सज्ज्यात बसावं असं ठरलं. प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या ॲबसलम जोन्स यांना चर्चचे कारभारी हाताला धरून उठवू लागले. प्रार्थना संपू द्या, एवढंच त्यांनी म्हटलं. ती संपल्यावर ते, रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती उठून बाहेर पडले. जोन्स १७४६ साली गुलामीत जन्मले. पैसे साठवून त्यांनी आधी बायकोची सुटका विकत घेतली, कारण मूल आईच्या दर्जाचं धरलं जाई. स्वतःची सुटका त्यांनी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १७८४ मध्ये करून घेतली. १७९४ साली त्यांनी सेंट थॉमस हे कृष्णवर्णीयांचं चर्च उघडलं आणि ते एपिस्कोपल चर्चला जोडून घेतलं. जोडून घेताना अट अशी, की धर्मप्रांताच्या अधिवेशनात या मंडळीचा प्रतिनिधी बसणार नाही. ती अट कित्येक दशकं टिकली. आज अटलांटात वर्णभेदाच्या जखमा भरून काढण्याचं काम करणारं जे केंद्र आहे, त्याला याच जोन्स यांचं नाव आहे.

या इतिहासाला सामोरं जायला चर्चकडे एक गोष्ट अशी आहे, जी असंच प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे नसते: पापाचा बंदोबस्त करण्याची रुळलेली पद्धत. दर रविवारी मंडळी एकत्र कबुली देतात, पश्चात्ताप व्यक्त करतात, क्षमा मागतात. १९९८ साली आलेल्या एका पूरक उपासना-पुस्तकातल्या कबुलीत स्वतः केलेल्या वाईटाबरोबर आपल्या वतीने इतरांनी केलेल्या वाईटाचाही पश्चात्ताप धरला आहे. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाची किल्ली या छोट्या भरीत आहे. ‘मी कुठे गुलाम ठेवले होते?’ हा प्रत्येक वर्गात येणारा पहिला आक्षेप. त्याला समाजशास्त्राने उत्तर द्यायला तासभर लागतो. उपासनेत ते आधीच तोंडपाठ झालेलं असतं. पण कबुलीनंतर नुकसानभरपाई आली की मंडळी चुळबुळू लागतात, आणि खरी परीक्षा तिथे असते.

प्रशिक्षण म्हटलं की डोळ्यांपुढे प्रोजेक्टर, बिस्किटं आणि शेवटी प्रमाणपत्र येतं. इथेही तिन्ही असतात. साधारणपणे शनिवार, चर्चचं सभागृह, गोलाकार मांडलेल्या खुर्च्या. पहिला अर्धा तास बोलण्याचे नियम ठरवण्यात जातो: ‘मला वाटतं’ असं म्हणायचं, ‘सगळ्यांना वाटतं’ असं म्हणायचं नाही, इथे ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, दुसऱ्याच्या अनुभवावर निवाडा द्यायचा नाही. मग अनेक ठिकाणी एरिक लॉ या हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या एपिस्कोपल धर्मगुरूंची ‘परस्पर निमंत्रण’ ही पद्धत वापरतात. संचालक आधी स्वतः बोलतो. बोलून झालं की तो कुणा एकाला नाव घेऊन बोलावतो. शेजारच्यालाच बोलवायचं असं नाही. ज्याला बोलावलं त्याने बोलावं, किंवा ‘आत्ता नको, नंतर’ म्हणावं, किंवा ‘मला नको’ म्हणावं. तिन्हींपैकी काहीही केलं तरी पुढच्याला बोलावण्याचा हक्क त्याचाच. मधे कोणी बोलायचं नाही, शंका विचारायची नाही.

वरवर हा खेळ वाटतो. पण ज्या सभेत दोन-तीन माणसं सगळा वेळ खातात आणि बाकीचे माना डोलावतात, अशा सभा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. इथे सत्ता दर दोन मिनिटांनी हात बदलते, आणि गप्प राहणाऱ्यालाही ती मिळते. संचालकाला बोलायची सवय असलेल्या एखाद्या निवृत्त वकिलाला गप्प बसवावं लागत नाही. पद्धतच त्याला बसवते.

दुपारच्या सत्रात इतिहास येतो, आणि चांगल्या संचालकाच्या हातात तो घराच्या उंबऱ्यावरून आत येतो. प्रत्येकाला विचारलं जातं: तुमच्या आजोबांनी घर कधी घेतलं, कुठे घेतलं, पैसे कुठून आले? मग १९३० च्या दशकातले नकाशे उलगडतात. गृहकर्जाची जोखीम ठरवण्यासाठी सरकारी संस्थेने शहरांचे विभाग रंगवले होते: उत्तम वस्ती हिरवी, बरी निळी, उतरती पिवळी, आणि जिथे कर्ज बुडण्याचं भय ती लाल. कृष्णवर्णीयांची वस्ती बहुतेक वेळा लाल रंगात गेली आणि तिथे कर्ज मिळणं मुश्किल झालं. महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना स्वस्त कर्ज देणारा कायदा आला; कागदावर तो सगळ्यांना सारखा होता, पण कर्ज मंजूर करणार स्थानिक बँक. १९४७ च्या सुमारास मिसिसिपीतल्या शहरांची पाहणी झाली, तेव्हा अशा ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीयांना मिळालेली कर्जं दोन होती. अमेरिकेत मध्यमवर्गाची पुंजी म्हणजे घर. त्या घरावर मुलाचं कॉलेज होतं, घर विकून म्हातारपण निघतं, उरलेलं वारसांना जातं. आजोबांचं घर कुठल्या रंगात होतं, हे नकाशावर बोट ठेवून पाहिलं की ‘आमच्या घरच्यांनी कष्टाने मिळवलं’ हे वाक्य खोटं ठरत नाही, अपुरं ठरतं. दोन्हींतला फरक ज्या संचालकाला सांभाळता येतो, त्याच्या वर्गातून लोक उठून जात नाहीत.

एका दिवसात एवढंच होतं. म्हणून २०१९ मध्ये ‘सेक्रेड ग्राउंड’ हा लांब पल्ल्याचा अभ्यासक्रम आला. त्याची आखणी केली कॅटरीना ब्राउन यांनी. ऱ्होड आयलंडमधलं डीवुल्फ घराणं गुलामांच्या व्यापारातलं अमेरिकेतलं सर्वांत मोठं. ब्राउन त्याच घराण्यातल्या, आणि पूर्वजांच्या त्या व्यापाराचा माग काढणारा माहितीपट त्यांनी २००८ मध्ये केला होता. आठ-दहा जणांचं मंडळ जमतं, दर वेळी ठरलेले माहितीपट पाहून, ठरलेलं वाचून येतं आणि बोलतं. सुरुवातीला दहा बैठका होत्या. आदिवासी, कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई यांच्या इतिहासाशेजारी युरोपातून आलेल्या गरीब गोऱ्यांचाही इतिहास ठेवला आहे, कारण आपली गोष्ट ऐकून घेतली जाते असं वाटल्याशिवाय माणूस दुसऱ्याची ऐकत नाही.

वाचनाच्या यादीत हॉवर्ड थर्मन यांचं १९४९ चं ‘जीझस अँड द डिसइन्हेरिटेड’ आहे. थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक १९३५-३६ मध्ये हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या दौऱ्यावर आले होते. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या बारडोलीत ते गांधीजींना भेटले. कोलंबोत एका हिंदू गृहस्थाने त्यांना सरळ विचारलं, की ज्यांनी तुमच्या पूर्वजांना पकडून विकलं ते ख्रिस्ती, ज्यांनी राबवलं ते ख्रिस्ती, तुम्हाला झाडाला लटकवणारेही ख्रिस्ती. मग तुम्ही त्याच धर्माचे प्रतिनिधी म्हणून इथे काय करता? पुस्तक या प्रश्नापासून सुरू होतं. अमेरिकन मंडळींना कोंडीत पकडणारा प्रश्न आशियातून गेला, हे मला मोठं गमतीचं वाटतं. आपण हा प्रश्न दुसऱ्यांना विचारण्यात पटाईत आहोत, स्वतःला विचारण्यात नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त केलं त्यांना अर्पण केली, ती या अपेक्षेने, की आपले देशबांधवही त्यांचा कित्ता गिरवतील. भारतातल्या कॅथलिक चर्चने दलित ख्रिस्ती सभासदांबाबतचं स्वतंत्र धोरण जाहीर केलं ते २०१६ च्या डिसेंबरात. आपल्यातही अस्पृश्यता पाळली जाते, हे त्यात मान्य केलेलं आहे.

सेक्रेड ग्राउंडवर टीकाही होते. ही मंडळं मुख्यतः गोऱ्यांनी गोऱ्यांशी बोलण्यासाठी आखलेली आहेत. त्यामागचं कारण रास्त आहे: मिश्र वर्गात काय होतं, तर एखादी कृष्णवर्णीय बाई स्वतःवर गुदरलेलं सांगते, गोऱ्या बायका रडू लागतात, आणि शेवटी तीच त्यांना पाणी देते. वर्षानुवर्षं हे करून कृष्णवर्णीय सभासद थकून गेले. गोऱ्यांनी आपला पहिला धडा आपल्यात गिरवावा, हे बरंच. पण वेगळं बसून वेगळेपण कसं मोडणार, ही शंकाही खोटी नाही. मार्टिन ल्यूथर किंग म्हणत, अमेरिकेत रविवारी सकाळी अकराला माणसं जितकी वर्णावर विभागलेली असतात तितकी कधीच नसतात. मंडळाच्या दहा बैठका होऊन तो अकराचा तास जसाच्या तसा राहिला, अशी चर्चं पुष्कळ आहेत.

हे असं का होतं, याचं एक उत्तर मायकेल इमर्सन आणि ख्रिश्चन स्मिथ या समाजशास्त्रज्ञांनी २००० सालच्या ‘डिव्हायडेड बाय फेथ’मध्ये दिलं. गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांशी बोलून त्यांना दिसलं, की हे लोक दुष्ट नाहीत. पण पाप म्हणजे व्यक्तीचं पाप आणि उपाय म्हणजे व्यक्तीची व्यक्तीशी मैत्री, एवढ्याच चौकटीत ते विचार करतात. शाळा, कर्ज, तुरुंग या गोष्टी त्यांच्या नजरेत येतच नाहीत. कृष्णवर्णीय मित्राला जेवायला बोलावलं की आपल्यापुरता प्रश्न सुटला. एपिस्कोपल मंडळी स्वतःला उदारमतवादी समजतात, पण ही खोड त्यांच्यातही आहे.

दुसरी अडचण सक्तीची. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कलेव्ह यांनी अमेरिकन कंपन्यांच्या कित्येक वर्षांच्या आकड्यांवरून दाखवलं, की सक्तीच्या प्रशिक्षणाने वरच्या जागांवर कृष्णवर्णीयांची संख्या वाढत नाही. उलट काही गटांची घटते. माणसाला वर्गात दामटून बसवलं की तो मनातल्या मनात दार लावून घेतो. मग चर्चचा २००० चा ठराव चुकला का? पुरता नाही. सक्ती नसती तर ज्यांना गरज ते आलेच नसते. पण ठराव नुसता दाखल्यापुरता उरतो, हे चर्चच्याच लोकांना लवकर कळलं. अटलांटा धर्मप्रांतात कॅथरीन मीक्स या निवृत्त प्राध्यापिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशिक्षणाचं तोंड दुसरीकडे वळवलं: नियमाची पूर्तता म्हणून येऊ नका, प्रार्थनेला जाता तसे या. दिवसाची बांधणी प्रभुभोजनाच्या विधीभोवती केली. २०१७ मध्ये तिथे ॲबसलम जोन्स केंद्र उघडलं, त्याच्या पहिल्या संचालक मीक्सच. त्याआधीपासून मीक्स लोकांना घेऊन जॉर्जियातल्या ज्या गावांत जमावाने माणसं मारली होती, तिथे यात्रा काढत होत्या.

यात्रा ही मला या सगळ्यातली सर्वांत कामाची गोष्ट वाटते. अलाबामातल्या हेनव्हिलचं उदाहरण घ्या. जोनाथन डॅनिएल्स हा न्यू हॅम्पशरचा गोरा तरुण पाळकीचं शिक्षण अर्धवट ठेवून मतदानहक्काच्या चळवळीत आला. २० ऑगस्ट १९६५ ला हेनव्हिलच्या तुरुंगातून सुटल्यावर तो आणि त्याचे सोबती थंड पेय घ्यायला जवळच्या दुकानाकडे गेले. दारात टॉम कोलमन बंदूक घेऊन उभा. बंदूक रोखली होती रूबी सेल्स या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीवर. डॅनिएल्सने तिला बाजूला ढकललं आणि गोळी त्याला लागली. सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने कोलमनला निर्दोष सोडलं.

दर वर्षी ऑगस्टमध्ये लोक तिथे जमतात. तुरुंग, दुकानाची जागा असं करत मिरवणूक न्यायालयात येते, ज्या दालनात तो निकाल लागला तिथेच. अलाबामात मारल्या गेलेल्या इतर हुतात्म्यांची नावं वाचली जातात, त्यांचे फोटो धरून माणसं उभी राहतात. प्रभुभोजनासाठी वेदी म्हणून वापरतात न्यायाधीशाचं मेज. ज्यूरीच्या खुर्च्यांतही उपासक बसलेले असतात. व्याख्यानात ‘न्यायव्यवस्थेतला वर्णभेद’ हे शब्द शंभरदा ऐकून जे होत नाही, ते त्या लाकडी मेजावर भाकर मोडली जाताना पाहून होत असावं.

यानंतर आपल्याच घरातली दप्तरं उघडायची. २००६ च्या अधिवेशनाने गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल माफी मागायचं ठरवलं आणि प्रत्येक धर्मप्रांताला आपला इतिहास शोधायला सांगितलं. माफीची उपासना ऑक्टोबर २००८ मध्ये झाली, फिलाडेल्फियात, जोन्स यांच्याच सेंट थॉमस चर्चमध्ये. शोधायचं काय? बाप्तिस्म्याच्या वह्या, बाकभाड्याचे हिशेब, देणगीदारांच्या पाट्या, खिडक्या. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथीड्रलमध्ये १९५३ पासून रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन या दक्षिणेच्या सेनापतींच्या रंगीत काचेच्या खिडक्या होत्या. चार्ल्सटनमध्ये कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणाने केलेल्या हत्याकांडानंतर, २०१५ मध्ये, कॅथीड्रलच्या डीननी त्या काढाव्यात असं म्हटलं. लगेच काढल्या नाहीत. आधी त्यांतले दक्षिणेचे झेंडे तेवढे बदलले, चर्चासत्रं झाली. शार्लट्सव्हिलमधल्या गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांच्या दंगलीनंतर सप्टेंबर २०१७ मध्ये त्या उतरल्या. नव्या खिडक्या केरी जेम्स मार्शल या कृष्णवर्णीय चित्रकाराने केल्या, २०२३ मध्ये बसल्या. त्याने प्रतीकात्मक मानधन घेतलं १८ डॉलर ६५ सेंट, गुलामगिरी संपली त्या १८६५ सालाची आठवण म्हणून. व्हर्जिनियात लेक्सिंग्टनच्या एका चर्चला तर लीचंच नाव होतं. ते बदलायचा निर्णय कारभारी मंडळात सात विरुद्ध पाच मतांनी झाला. अशा पाच मतांसोबत पुढच्या रविवारी एकाच बाकावर बसायचं असतं, हे बाहेरून टीका करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

मग हिशेब. बॉल्टिमोरच्या मेमोरियल एपिस्कोपल चर्चने संस्थापक पाळकांचा गुलामगिरीशी असलेला संबंध शोधून काढला, त्यांच्या पाट्या भिंतीवरून उतरवल्या, आणि २०२१ मध्ये पाच वर्षांत पाच लाख डॉलर भरपाई म्हणून शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या कामांना द्यायचं ठरवलं. व्हर्जिनिया थिऑलॉजिकल सेमिनरीने २०१९ मध्ये १७ लाख डॉलरचा निधी बाजूला काढला. तिथे आधी गुलामांनी काम केलं, आणि गुलामगिरी संपल्यावरही कृष्णवर्णीय मजूर योग्य मोबदल्याशिवाय राबले. पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथे १९५१ मध्ये शिरला. २०२१ पासून त्या राबलेल्यांच्या वंशजांना दरसाल चेक जातो. पहिल्या वर्षी तो माणशी दोन हजार डॉलरच्या थोडा वर होता. सेमिनरी ज्या अलेक्झांड्रियात आहे तिथे एवढ्यात एक महिन्याचं घरभाडं जेमतेम निघेल.

पण चेक लिहायला नाव लागतं, आणि खरी मेहनत त्यातच आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे. तिच्यात मालकाचं नाव लिहिलं आहे आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. मुक्त झालेल्या माणसांची नावं पहिल्यांदा सापडतात ती १८७० च्या जनगणनेत. त्याच्या मागे जायचं तर मृत्युपत्रं, विक्रीखतं, मळ्यांच्या वह्या, आणि चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही. पाळक गुलामांच्या मुलांनाही बाप्तिस्मा देत आणि वहीत लिहून ठेवत: मुलाचं नाव, कधी आईचं, आणि मालकाचं. म्हणून वंशावळी लावणारे लोक आता गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन कपाटातल्या त्या वह्या मागतात, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे आधी शोधावं लागतं.